किरकोळ धडकेनंतर जुनी गाडी सुरू होत नाही: सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही

चारचाकी_जुनी
२००३ ची पेट्रोल हॅचबॅक, मल्टिपॉइंट इंजेक्शन, मॅन्युअल गिअर, एअरबॅग नाहीत. कमी वेगात समोरून डावीकडे धडक बसली. बंपर तडकला, डावा हेडलॅम्प आत दबला, रेडिएटर गळत नाही. सेल्फ नेहमीच्या जोमाने फिरतो, पण इंजिन पकडत नाही. टाकी अर्धी भरलेली आहे. फ्यूज काढून पाहिले, तुटलेला एकही दिसला नाही. टो करण्याआधी काय तपासता येईल? मल्टिमीटर आहे.

पाना_दहा
सगळ्यात आधी गाडीखाली आणि बॉनेटमध्ये पेट्रोलचा वास किंवा ओल आहे का, ते बघा. असेल तर चावीला हात लावू नका, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि टोच करा.

वास नसेल तर चावी नुसती ऑन करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटजवळ दोन-तीन सेकंद बारीक घरघर ऐकू यायला हवी, तो टाकीतला फ्युएल पंप. आवाज आला नाही तर इनर्शिया स्विच शोधा. त्यात लोहचुंबकाने धरलेली एक पोलादी गोळी असते. धक्का बसला की ती जागेवरून सुटते, संपर्क तोडते आणि पंपाचा करंट बंद होतो. वरचं बटण उडालेलं असेल तर दाबून खाली बसवा. फोर्डच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत हा स्विच पुढच्या प्रवाशाच्या पायाशी बाजूच्या पॅनेलमागे किंवा डिकीत सापडतो. मात्र प्रत्येक गाडीत तो नसतो, मॅन्युअल बघा. नसेल तर पंपाचा रिले (पंपाला करंट देणारा विजेवर चालणारा स्विच) तसल्याच नंबरच्या दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करून बघा.

अर्थिंग_आधी
फ्यूज नुसता बघून ठीक आहे म्हणू नका. तो जागेवर ठेवून, चावी ऑन करून, त्याच्या वरच्या दोन्ही टोकांवर बॅटरी निगेटिव्हच्या तुलनेत व्होल्टेज मोजा. दोन्हीकडे जवळपास १२ हवेत. एकाच टोकाला आले तर तो गेला आहे, कुठेच नाही आले तर मागून पुरवठाच येत नाही.

मार डाव्या कोपऱ्यावर आहे, हे महत्त्वाचं. हेडलॅम्पमागच्या पत्र्यावर बऱ्याच गाड्यांत वायरिंगचा जुडगा आणि अर्थिंगचा बोल्ट असतो. सेल्फ जोरात फिरतोय म्हणजे बॅटरी आणि इंजिनची जाड अर्थिंग धडधाकट. पण इसीयूची (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची) अर्थिंग वेगळ्या बोल्टवर असू शकते. मीटरचं एक टोक बॅटरी निगेटिव्हला, दुसरं त्या बोल्टवरच्या वायरच्या लगला (टोकाच्या धातूच्या कडीला) लावा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर बोल्ट काढा, पत्रा घासून चकचकीत करा, पुन्हा आवळा.

चारचाकी_जुनी
वास नाही. चावी ऑन केल्यावर पंप वाजतो. अर्थिंग ०.०८ व्होल्ट. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जराही हलत नाही, आधी किंचित उचलायचा. इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा नेहमीसारखा विझतो.

पाना_दहा
मग संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिनचा दांडा फिरतोय हे टिपणाऱ्या सेन्सरवर. त्याचा सिग्नल नसेल तर इसीयूला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, मग ना स्पार्क ना इंजेक्टरला पल्स. पंप वाजतो तो फक्त सुरुवातीचे दोन-तीन सेकंद, त्यामुळे त्याच्या आवाजावर विसंबू नका.

सेन्सर पुलीजवळ किंवा फ्लायव्हीलजवळ असतो. पुलीजवळ असेल तर धडकेत कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा सॉकेट) अर्धवट सुटणं, वायर पट्ट्याखाली घासणं, ब्रॅकेट वाकून दातांपासूनचं अंतर वाढणं, तिन्ही शक्य. अंतर साधारण १ मिलिमीटरच्या आसपास असतं, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. कपलर काढून पिना बघा: हिरवट गंज, आत ढकललेली पिन. दोन वायरींचा सेन्सर असेल तर ओहम मोजा, बहुतेकांत काहीशे ते हजारभर ओहम येतात. अनंत दाखवलं तर आतली गुंडाळी तुटली. तीन वायरींचा असेल तर तो बहुधा हॉल सेन्सर (चुंबकीय बदल टिपणारा, पुरवठ्यावर चालणारा), त्यावर ओहम मोजू नका, पुरवठ्याचं व्होल्टेज आणि अर्थिंग तपासा.

अर्थिंग_आधी
स्पार्क बघायचा असेल तर आधी इंजेक्टरचे कपलर काढा. जास्तीचा प्लग एचटी लीडला (स्पार्क प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरला) लावून त्याची धातूची बाजू इंजिनला घट्ट टेकवा, हातात धरू नका. लीड मोकळी सोडून सेल्फ मारलात तर इग्निशन मॉड्यूल जळू शकतं.

आणि सलग १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ नको, मध्ये किमान अर्धा मिनिट थांबा. धक्का मारूनही सुरू करू नका: इंजेक्टर चालू आणि स्पार्क बंद असेल तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) साठतं आणि इंजिन पकडताच तो तापून खराब होतो.

चारचाकी_जुनी
क्रँक सेन्सरचा कपलर दिसला. लॉकची पट्टी तुटलेली आहे आणि तो अर्धा बाहेर आहे.

पाना_दहा
बॅटरीची निगेटिव्ह काढा, पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवून सुकवा, कपलर पूर्ण बसवा आणि केबल टायने आवळा. हे तात्पुरतं. लॉकवाला नवीन कपलर लावल्याशिवाय हायवेला नेऊ नका, तो चालत्या गाडीत निसटला तर इंजिन जागीच बंद पडेल. सुरू झाल्यावर १० मिनिटं कूलंटची पातळी आणि तापमान बघत उभं राहा, पंखा रेडिएटरला घासत नाही ना तेही बघा.