मदत हवी आहे: कीर्तनाचा आवाज नेटवर्कवरून तीन ठिकाणी पाठवतोय, मध्येच बंद पडतो

मंडळी, नमस्कार.

आमच्या विठ्ठल मंदिरात सप्ताह तोंडावर आलाय. मंडपात कीर्तन रंगतं, पण भक्तनिवासातली जिना न उतरू शकणारी वयस्कर माणसं, मागे पंगतीचा स्वयंपाक करणाऱ्या बायका आणि ओवरीत बसलेले यांना निरूपण धड ऐकू येत नाही. त्यांना शब्द न् शब्द ऐकू यायला हवा. कर्णे वाढवायचे नाहीत, शेजारी मुलांचा अभ्यास चालतो.

मिक्सरमधून यूएसबीने लॅपटॉप, तिथून एफएफएमपेग या प्रोग्रामने आरटीपी मल्टिकास्ट (म्हणजे एकच प्रवाह नेटवर्कवरून एकाच वेळी अनेकांना). ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ. प्रत्येक ठिकाणी रास्पबेरी पाय (छोटा संगणक, पुढे नुसतं ‘पाय’) आणि स्पीकर. ओवरी आणि स्वयंपाकघर मॅनेज्ड स्विचवरून (सेटिंग बदलता येणारा नेटवर्क स्विच) केबलने, भक्तनिवास वायफायवर.

केबलवर आवाज सुरेख येतो, टाळसुद्धा स्वच्छ. पण साधारण सव्वाचार मिनिटांनी दोन्हीकडे एकदम शुकशुकाट. पायवरचा प्रोग्राम पुन्हा सुरू केला की परत तेवढाच वेळ चालतो. वायफायवर पहिल्यापासून तुटक, ‘विठ्ठल’मधला ‘ठ्ठ’च गायब! शिवाय ओवरीत मंडपातला शब्द आधी आणि स्पीकरमधला मागून येतो, त्यामुळे दोन्ही कळत नाहीत. काय करू?

तारायंत्र:
सव्वाचार मिनिटं म्हणजे जवळपास २६० सेकंद. तुमच्या स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट कोणाला हवंय ते बघून तिथेच पाठवणं) चालू आहे, पण क्वेरिअर नाही. पाय सुरू होताना ‘मला हा प्रवाह हवाय’ असं कळवतो, स्विच ते टिपून ठेवतो. पुढे दर १२५ सेकंदांनी ‘अजून कोणी ऐकतंय का?’ असं विचारणारं कोणीतरी लागतं, तोच क्वेरिअर. कोणी विचारलंच नाही तर २६० सेकंदांनी स्विच ती नोंद पुसतो. स्विचच्या सेटिंगमध्ये क्वेरिअर चालू करा.

वायफायवर मल्टिकास्ट नकोच. तिथे ते कमी वेगाने जातं आणि हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवलं जात नाही. स्नॅपकास्ट हा अनेक ठिकाणी एकत्र आवाज वाजवणारा प्रोग्राम वापरा, तो प्रत्येकाला टीसीपीवरून (यात हरवलेलं पुन्हा पाठवलं जातं) वेगळा प्रवाह देतो. तुमचा आवाज कॉम्प्रेस न करता पाठवला तरी सेकंदाला दीड मेगाबिटच होतो. कीर्तनाला मोनो केलंत तर त्याच्याही निम्मा.

ओवरीला मात्र नेटवर्कच नको. स्नॅपकास्टचा बफर (वाजवण्याआधी साठवलेला आवाज) मुळात १००० मिलिसेकंदांचा असतो आणि जिथे मंडपातला आवाज थेट पोचतो तिथे एवढा उशीर असह्य होतो. मिक्सरच्या ऑक्स आउटमधून (जादा आउटपुट) थेट स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड केबल (लांब अंतरावरही खरखर न येणारी) टाका.

धागाकर्ता:
क्वेरिअर चालू केला. काल स्वयंपाकघरात पूर्वरंगापासून आरतीपर्यंत आवाज अखंड होता, मनापासून आभार! ओवरीची केबल आज ओढतोय. भक्तनिवासात शेजारशेजारच्या खोल्यांत वेगवेगळे पाय लावले तर आवाज पुढेमागे होतील का?

तारायंत्र:
नाही. स्नॅपकास्टचे क्लायंट आपली वेळ सर्व्हरशी जुळवत राहतात, म्हणून सगळीकडे एकाच क्षणी वाजतं. फक्त सगळ्यांना सारखेच स्पीकर लावा. ब्लूटूथ स्पीकर टाळा, त्याचा उशीर वेगळा असतो.