रक्तपुरवठा घटल्यावर मेंदूतील प्रथिननिर्मिती थांबते, ती इजा की बचाव?

सांजसावली

मेंदूचा रक्तपुरवठा कमी झाला की आधी पेशीची ऊर्जा संपते आणि मग तिची बाकीची कामे बंद पडतात, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. कोलोनच्या माक्स प्लांक संस्थेत होसमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतील उंदरांच्या मेंदूची मधली धमनी बंद केली आणि रक्तप्रवाह, किरणोत्सारी ल्युसिनचा (प्रथिनांच्या एका घटकाचा) प्रथिनांत होणारा समावेश व पेशीला ऊर्जा पुरवणारा एटीपी हा रेणू ही तिन्ही मापे शेजारी ठेवून पाहिली. तेव्हा 100 ग्रॅम ऊतीमागे मिनिटाला साधारण 55 मिलिलिटर प्रवाह असतानाच प्रथिननिर्मिती निम्म्यावर आली होती आणि 35 च्या खाली ती जवळजवळ थांबली होती. एटीपी मात्र पहिल्या तासांत, प्रवाह 20 च्या आसपास उतरेपर्यंत तग धरून होते.

1981 साली आस्ट्रुप, सीस्यो आणि सायमन यांनी रक्त सर्वांत कमी पोचणाऱ्या गाभ्याभोवतीच्या ज्या पट्ट्याला ग्रहणातील उपच्छायेचे नाव दिले, त्याची व्याख्या विद्युत्क्रिया थांबण्यावरून झाली होती. माझे मत असे की ती प्रथिननिर्मितीवरून व्हायला हवी, कारण पुढच्या काही तासांत एटीपी संपलेला भाग पसरत जाऊन प्रथिननिर्मिती थांबलेल्या भागाला गाठतो. म्हणजे पुढे मरणाऱ्या ऊतीची सीमा आधीच आखलेली असते.

तर्कट

आकडे मान्य, निष्कर्ष अमान्य. एटीपी शिल्लक असताना प्रथिननिर्मिती थांबते, हेच तुमच्या मांडणीविरुद्ध जाते. इंधन संपून यंत्र बंद पडणे वेगळे आणि इंधन कमी येते आहे हे ओळखून ते बंद करणे वेगळे. प्रथिनाच्या साखळीत एक दुवा जोडायला उच्च ऊर्जेचे चार फॉस्फेट बंध खर्ची पडतात, त्यामुळे काटकसर करणारी पेशी हे काम सर्वांत आधी स्थगित करील यात नवल नाही. रक्तप्रवाह पूर्ववत झाल्यावर पर्क नावाचे विकर ईआयएफ-टू-अल्फा या घटकाला फॉस्फेट जोडून नव्या साखळ्यांची सुरुवातच अडवते. हा मोडतोडीतून घडलेला अपघात नव्हे, यीस्टपासून माणसापर्यंत जपला गेलेला नियंत्रणाचा मार्ग आहे. शिवाय प्रयोगशाळेतील प्राण्यांमध्ये रक्तपुरवठा काही मिनिटे तोडल्यानंतर सायक्लोहेक्झिमाइड देऊन प्रथिननिर्मिती मुद्दाम दाबली, तेव्हा हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागातील अधिक पेशी वाचल्याचे प्रयोग 1990 च्या सुमारास प्रसिद्ध झाले आहेत. थांबणे हीच इजा असेल, तर आणखी थांबवल्याने पेशी वाचल्या कशा?

सांजसावली

प्रश्न रास्त आहे, म्हणून मी माझे विधान थोडे आवरते घेते. थांबण्यापेक्षा पुन्हा सुरू न होणे महत्त्वाचे. जर्बिल या उंदरासारख्या प्राण्याच्या मेंदूच्या तळाशी पुढच्या आणि मागच्या धमन्यांना जोडणारा दुवा नसतो, त्यामुळे मानेतील दोन्ही धमन्या 5 मिनिटे दाबल्या तरी पुढचा मेंदू रक्तावाचून राहतो (संशोधकांचे हे प्राणी लाडके आहेत ते याच उणिवेमुळे). रक्त परतल्यावर एटीपी लवकर सावरते आणि प्रथिननिर्मिती सगळीकडे दबलेली असते. बहुतेक भागांत ती दिवसभरात परत येते, हिप्पोकॅम्पसच्या सीए-1 पट्ट्यात मात्र ती येतच नाही आणि दोन ते चार दिवसांनी तिथल्या पेशी मरतात. किरिनो यांनी 1982 साली वर्णन केलेला विलंबित मृत्यू तो हाच. तुमचे फॉस्फेटचे कुलूप तर काही तासांत सैल होते. त्यानंतरही सीए-1 मध्ये काम अडून राहते, कारण तिथे प्रथिने घडवणारे रायबोसोम आणि घडी बिघडलेली प्रथिने एकमेकांत गुंतून गठ्ठे तयार होतात. याला काटकसर कसे म्हणावे?

वॉर्डातला

दोघांचेही वाचून रुग्णाच्या खाटेजवळून एक हरकत घेतो. निरोगी माणसाच्या मेंदूतून 100 ग्रॅममागे मिनिटाला सरासरी 50 मिलिलिटर रक्त वाहते, उंदराच्या मेंदूबाह्यकात ते 100 च्या वर असते. तुमचा 55 चा उंबरठा जसाच्या तसा उचलला, तर येथे लिहिणाऱ्या प्रत्येकाची प्रथिननिर्मिती या क्षणी निम्म्यावर आहे असे म्हणावे लागेल! शिवाय पक्षाघाताचा झटका आलेल्या रुग्णाच्या मेंदूत ल्युसिनचा मागोवा घेत बसायला वेळ नसतो. गुठळी विरघळवणारे औषध सहसा साडेचार तासांच्या आत द्यायचे असते आणि निर्णय स्कॅनवर दिसणाऱ्या प्रवाहावरूनच घ्यावा लागतो.

सांजसावली

आकडा माणसाला लावता येणार नाही, हे मान्य. उंबरठ्यांचा क्रम मात्र लागू होऊ शकतो: प्रथिननिर्मिती आधी, विद्युत्क्रिया नंतर, ऊर्जा शेवटी.

तर्कट

गठ्ठ्यांचा मुद्दा मलाही पटतो, पण तो माझ्याच बाजूने झुकतो. घडी घालायची यंत्रणा कोलमडलेली असताना साखळ्या तयार होत राहिल्या, तर गठ्ठे वाढणारच. अशा वेळी उत्पादन आणखी काही काळ रोखणे हिताचे ठरते.

सांजसावली

मग सायक्लोहेक्झिमाइडच्या त्या प्रयोगांत प्राण्यांच्या मेंदूचे तापमान कसे सांभाळले होते, ते आधी पाहू या. तापमान दोन-तीन अंशांनी उतरले तरी हिप्पोकॅम्पसच्या पेशी वाचतात, हे 1987 पासून उंदरांत माहीत आहे. औषधाने प्राणी थोडा जरी गार पडला असेल, तर श्रेय कोणाला द्यायचे?