पोरं भडकतात ती व्हिडिओनं की खालच्या कॉमेंट्सनी?

फुटाळाकाठी : भाचा अमरावती रोडच्या कॅम्पसला शिकतो. प्रबंधाचा विषय घेतलाय, यूट्यूबवरच्या जहाल व्हिडिओंनी पोरं कट्टर कशी होतात. पद्धत काय, तर व्हिडिओ उतरवून घ्यायचे आणि त्यातले शब्द मोजायचे. माझ्या मते यातून व्हिडिओ बनवणारा कळेल, पाहणारा नाही. 2008 मध्ये मॉरा कॉनवे आणि लिसा मॅकइनर्नी या संशोधकांनी इराकमधल्या 'हुतात्म्यां'चा उदोउदो करणारे व्हिडिओ अभ्यासले, तेव्हाच त्यांनी खाली कॉमेंट करणाऱ्यांची झाडाझडती घेतली होती. खरी शाळा तिथे भरते.

तर्रीवाला : पाहणारा कायले शोधता भाऊ? व्हिडिओ उडवा, विषय संपला. 17 मार्च 2025 ला आपल्या नागपूरच्या महाल भागात जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, आमचं शटर खाली. मोबाइलवर तेव्हा काय काय फिरत होतं ते पाह्यलं आम्ही. तुमचा प्रबंध होईस्तोवर गल्ली पेटते.

फुटाळाकाठी : उडवलेला व्हिडिओ दुसऱ्या ॲपवर जिवंतच असतो. सापडत नाही तो फक्त अभ्यास करणाऱ्याला.

संत्राबर्फी : व्हिडिओ सुचवणाऱ्या अल्गोरिदमला दोघांनीही मोकळं सोडलंत! रिबेरो या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये यूट्यूबवरच्या 349 चॅनेलांचे 3,30,925 व्हिडिओ आणि त्याखालच्या 7 कोटींहून जास्त कॉमेंट्स तपासल्या. सौम्य चॅनेलवर लिहिणारे बरेच जण पुढे जहाल चॅनेलवर लिहिताना दिसले.

फुटाळाकाठी : म्हणजे त्यांनाही माणसं कॉमेंट्समध्येच सापडली की! सरकली हे दिसलं, ढकललं कोणी ते नाही. 2023 मध्ये चेन, नायहन वगैरे संशोधकांचा अभ्यास आला. त्यांनी लोकांच्या संमतीनं, कोण काय पाहतो याची त्यांच्या ब्राउझरमधली नोंद घेतली होती. जहाल चॅनेल पाहणारे बहुतेक आधीपासूनच मनात अढी बाळगून होते, शिवाय त्या चॅनेलांचे सबस्क्रायबर. सजेशनमुळे भलताच कोणी तिकडे गेला, असं क्वचित.

संत्राबर्फी : ती नोंद 2020 सालची. यूट्यूबनं असले व्हिडिओ कमी सुचवायचं जाहीर केलं जानेवारी 2019 मध्ये. कौलं शाकारून झाल्यावर घरात शिरायचं आणि म्हणायचं, गळत नव्हतंच! शिवाय ते सगळे अमेरिकेतले, ज्याचा त्याचा कॉम्प्युटर. आपल्याकडे पानठेल्यावर एका फोनवर चार डोकी वाकलेली असतात. नोंद होते एकाची आणि कॉमेंट त्यातला एकही करत नाही. त्यांना कुठे शोधणार तुमचा भाचा?

फुटाळाकाठी : हे मात्र बिनतोड. कॉमेंट्सवर मी जरा जास्तच भार दिला. मग पानठेल्यावरच बसावं लागेल त्याला, महिना दोन महिने, आणि कशासाठी बसलाय ते सांगून. न सांगता बसणं म्हणजे हेरगिरी. गाईडच मान्य करणार नाही, लेखी संमती लागते.

तर्रीवाला : सही मागाल तं पोरं पहिले तंबाखू-सुपारीचा खर्रा मागतील. तो खर्च प्रबंधात कुठं दाखवता?