अमेरिकेतला पोलीस गोळीबार: वंशाचा प्रश्न आणि बातमी नेमकी कोणाची होते

वैनतेय (चर्चाप्रस्ताव)

अमेरिकेत पोलिसांच्या हातून कुणी मेलं की आपल्याकडेही दोन ठरलेली वाक्यं फिरायला लागतात. एक, "तिथे कृष्णवर्णीय दिसला की गोळी घालतात." दुसरं, "मरणाऱ्यांत गोरेच जास्त असतात, माध्यमं ते दडवतात." दोन्ही वाक्यांना आधार एकाच यादीचा दिला जातो, म्हणून आधी ती यादी काय आहे ते बघू.

वॉशिंग्टन पोस्टने जानेवारी २०१५ पासून २०२४ अखेरपर्यंत पोलिसांच्या गोळीने झालेल्या प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवली. वर्तमानपत्राला हे करावं लागलं, कारण सरकारकडे आकडाच नव्हता. देशात सुमारे १८,००० पोलीस खाती आहेत, महापालिकेची, काउंटीच्या म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या शेरीफची, राज्याची, विद्यापीठांची. त्यांनी एफबीआयला माहिती द्यायची की नाही हे ऐच्छिक. एफबीआयच्या तक्त्यात वर्षाला चारशेच्या आसपास मृत्यू दिसायचे. पोस्टने पहिल्याच वर्षी हजाराच्या जवळ मोजले, आणि पुढे आकडा हजारावर गेला.

वंशाची नोंद असलेल्यांत निम्मे गोरे, पाव हिश्शाहून थोडे जास्त कृष्णवर्णीय. पण लोकसंख्येत गोरे साधारण ६० टक्के आणि कृष्णवर्णीय १४ टक्के आहेत. म्हणजे दर दहा लाख लोकांमागे वर्षाला कृष्णवर्णीयांत सुमारे सहा, गोऱ्यांत अडीचच्या आसपास. "गोरे जास्त मरतात" हेही खरं, आणि कृष्णवर्णीय माणसाला असलेला धोका दुपटीहून जास्त हेही खरं.

या यादीत गळा दाबून, विजेचा झटका देणाऱ्या टेझरने किंवा पोलिसांच्या गाडीखाली झालेले मृत्यू येत नाहीत. मे २०२० मध्ये मिनिआपोलिसला पोलिसाने मानेवर गुडघा दाबून मारलेला जॉर्ज फ्लॉइड या यादीत नाही, पोलिसाने गळा आवळून मारलेला एरिक गार्नरही नाही. गोळी लागून जे वाचले तेही नाहीत. ज्यांचा वंशच नोंदलेला नाही असे शेवटच्या काही वर्षांत बरेच वाढले, त्यामुळे अलीकडच्या टक्केवारीवर फार भार टाकू नये.

माझं मत: धोक्यातली तफावत खरी आहे, आणि बातमीतली विषमताही खरी आहे. पण बातमी होणं न होणं हे वंशापेक्षा चित्रफीत कधी बाहेर येते यावर जास्त ठरतं.

---

रघुवीर

शेवटचं वाक्य मान्य नाही. दोन प्रकरणं घ्या.

टोनी टिम्पा, डॅलस, ऑगस्ट २०१६. गोरा माणूस. त्याने स्वतःच ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन केला: स्किझोफ्रेनियाची औषधं घेतलेली नाहीत, भीती वाटतेय, मदत पाठवा. पोलीस पोहोचण्याआधीच एका सुरक्षारक्षकाने त्याला बेड्या घातल्या होत्या. तरी पोलिसांनी त्याला पालथं पाडून सुमारे १४ मिनिटं दाबून धरलं, पाठीवर गुडघा. तो ओरडायचा थांबला तेव्हा झोपला असेल म्हणून थट्टा केली. शवविच्छेदनाच्या अहवालात मृत्यूचा प्रकार 'मनुष्यवध' असाच नोंदवला, कारणांत कोकेनबरोबर दाबून धरल्याचा ताण.

डॅनिअल शेव्हर, मेसा, ॲरिझोना, जानेवारी २०१६. हाही गोरा. हॉटेलच्या खिडकीत बंदूक दिसली म्हणून फोन गेला. ती कीटकनाशकाच्या कामातली छऱ्याची बंदूक होती. निःशस्त्र माणूस हॉटेलच्या व्हरांड्यात गुडघ्यांवर रांगत, रडत, एकमेकांना छेद देणाऱ्या सूचना पाळायचा प्रयत्न करत होता, तेव्हा पाच गोळ्या. पोलीस निर्दोष सुटला. पुढे ४२ दिवसांसाठी त्याला कागदोपत्री नोकरीत परत घेतलं, म्हणजे महिना अडीच हजार डॉलरच्या आसपास निवृत्तिवेतन लागू व्हावं. दोन्ही प्रकरणांची चित्रफीत आज सगळ्यांना बघता येते. किती वाचकांना ही नावं माहीत आहेत?

आता दराबद्दल. लोकसंख्येने भागणंच चुकीचं आहे. गोळी चालते ती पोलीस आणि नागरिक समोरासमोर येतात तेव्हा, म्हणून भागायचं ते अशा प्रसंगांच्या संख्येने. पोस्टच्या यादीत ९५ टक्क्यांहून जास्त पुरुष आहेत; त्यावरून कुणी पोलीस पुरुषद्वेष्टे ठरवत नाही. हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ रोलंड फ्रायर, जे स्वतः कृष्णवर्णीय आहेत, त्यांनी ह्यूस्टनच्या नोंदी प्रसंगागणिक तपासल्या. गोळीबारात वांशिक फरक सापडला नाही.

---

अनघा

फ्रायर यांचा निष्कर्ष अर्धाच सांगितलात. ढकलणं, बेड्या घालणं, शस्त्र रोखणं अशा गोळीपेक्षा खालच्या पातळीच्या बळाच्या वापरात त्यांना मोठा फरक सापडला होता, काही प्रकारांत ५० टक्क्यांहून जास्त.

आणि प्रसंगांनी भागण्यातही मेख आहे. काल्पनिक आकडे घेते. एका शहरात पोलिसांनी १०० गोरे अडवले, सगळे गंभीर कारणाने; ५ जणांवर बळ वापरलं. म्हणजे ५ टक्के. त्याच शहरात २०० कृष्णवर्णीय अडवले: १०० गंभीर कारणाने, १०० मागचा दिवा फुटलाय अशा किरकोळ कारणाने. गंभीरपैकी ७ आणि किरकोळपैकी १ जणावर बळ. एकूण २०० पैकी ८, म्हणजे ४ टक्के. कागदावर पोलीस कृष्णवर्णीयांशी सौम्य वागतात असं दिसेल. समान कारणांची तुलना केली तर ७ विरुद्ध ५. किरकोळ कारणाने अडवलेल्यांनी भाजक फुगतो आणि पक्षपात त्याखाली दबतो. पोलिसांच्याच नोंदींवर आधारलेल्या अभ्यासांवर नॉक्स, लो आणि ममोलो यांनी २०२० मध्ये नेमका हाच आक्षेप मांडला.

फिलँडो कॅस्टिल, मिनेसोटा, जुलै २०१६. त्या दिवसाआधी त्याला वाहतुकीच्या कारणाने चाळीसहून जास्त वेळा अडवलं गेलं होतं. ही प्रत्येक खेप तुमच्या भाजकात जमा होते. शेवटच्या खेपेला त्याने स्वतःहून सांगितलं की जवळ पिस्तूल आहे. त्याचा परवानाही त्याच्याकडे होता. पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. आणि पिस्तूल होतं म्हणून 'निःशस्त्र किती मेले' या हिशेबातून कॅस्टिल बाहेर.

---

रघुवीर

गणित समजलं. पण त्यावरून एवढंच सिद्ध होतं की प्रसंगांचा भाजक दूषित असू शकतो. लोकसंख्येचा भाजक बरोबर आहे हे त्यातून निघत नाही. हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण, बंदुकांची संख्या, वस्तीतली गस्त यांपैकी काहीच लोकसंख्येच्या दरात धरलेलं नसतं.

माझा मुख्य मुद्दा वाचकाच्या डोक्यात बसणाऱ्या चित्राचा आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसन शहरात मायकल ब्राऊन हा कृष्णवर्णीय मुलगा पोलिसाच्या गोळीने मारला गेला. हात वर करून शरण आलेल्या मुलाला मारलं, असं जगभर छापून आलं. ४ मार्च २०१५ ला ओबामांच्याच न्यायखात्याने अहवाल दिला: हात वर असल्याच्या साक्षी पुराव्याशी जुळत नाहीत, खटला उभा राहत नाही. पहिली बातमी पानभर, दुरुस्ती कोपऱ्यात. अशाने पोलिसांवरचा विश्वास जातो आणि त्याची किंमत त्याच वस्त्या मोजतात.

---

अनघा

त्याच दिवशी, त्याच खात्याने दुसरा अहवालही दिला होता, फर्ग्युसनच्या पोलीस खात्यावर. शहरात ६७ टक्के कृष्णवर्णीय. गाड्या अडवल्या त्यात ८५ टक्के, दंडाच्या पावत्यांत ९०, अटकेत ९३. शहराचं अंदाजपत्रक दंडाच्या वसुलीवर चालत होतं आणि पोलिसांवर त्यासाठी दबाव होता. लोक रस्त्यावर आले ते एका गोळीमुळे नाही, रोजच्या या जाचामुळे. तुमचा आक्षेप मी उलट बाजूने करीन: माध्यमांनी एका मृत्यूच्या तपशिलावर महिने घालवले आणि या दंडवसुलीवर थोडकंच लिहिलं.

---

पुष्कर

दोघेही माध्यमं म्हणजे एकच संपादक बसलाय असं धरून बोलताय. बातमी कोणत्या नळातून येते ते बघा.

मृत्यूनंतर पहिला कागद येतो तो म्हणजे पोलिसांचं प्रसिद्धीपत्रक. फ्लॉइडच्या मृत्यूनंतर मिनिआपोलिस पोलिसांच्या पत्रकाचं शीर्षक होतं, पोलिसांशी संबंध आला असताना वैद्यकीय कारणाने एकाचा मृत्यू. १७ वर्षांच्या एका मुलीने फोनवर चित्रण केलं नसतं तर बातमी तिथेच संपली असती. बाहेरच्या माणसाचं चित्रण असेल तर काही तासांत देशभर. फक्त पोलिसांच्या कॅमेऱ्यात असेल तर पुढचं सगळं त्या राज्याच्या कायद्यावर.

कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून सर्वसाधारणपणे ४५ दिवसांत चित्रफीत द्यावी लागते, तपासाला बाधा येत असेल तर मुदतवाढ. टेक्सासमध्ये आरोप सिद्ध न होता प्रकरण बंद झालं तर नोंदी रोखून धरायची सवलत आहे. संशयित मेला की खटला चालत नाही, म्हणजे जिथे पोलिसांच्या हातून मृत्यू झाला तिथेच कागद दाबता येतात. टिम्पाची चित्रफीत डॅलसच्या स्थानिक वर्तमानपत्राने जवळपास तीन वर्षं झगडून २०१९ च्या उन्हाळ्यात मिळवली. शेव्हरची चित्रफीत खटला संपेपर्यंत, डिसेंबर २०१७ पर्यंत, लोकांनी पूर्ण पाहिलीच नव्हती. शिकागोचा लक्वान मॅकडोनाल्ड कृष्णवर्णीय होता. ऑक्टोबर २०१४ ला १६ गोळ्या लागल्या, आणि चित्रफीत आली नोव्हेंबर २०१५ ला, एका मुक्त पत्रकाराने कोर्टातून आदेश आणल्यावर. तोवर शहराने कुटुंबाला ५० लाख डॉलर देऊन टाकले होते. ते वर्षभर मॅकडोनाल्डचंही नाव देशाला माहीत नव्हतं.

चित्रफीत बघताना तीन गोष्टी तपासा. अंगावरचा कॅमेरा बटण दाबण्याआधीची काही सेकंदं, सहसा ३०, साठवून ठेवतो, पण त्यात आवाज नसतो. म्हणून आधी इशारा दिला होता की नाही हे पुष्कळदा त्यातून कळत नाही. दुसरं, खात्याने स्वतः प्रसिद्ध केलेली फीत संपादित असते. निवेदन, बाण, शस्त्राभोवती लाल वर्तुळ. मूळ सलग फीत मागितली गेली आहे का ते बघा. तिसरं, ९११ चा फोन आणि गस्तीच्या गाडीला गेलेला निरोप शेजारी ठेवा. क्लीव्हलँडच्या १२ वर्षांच्या टामिर राईसबद्दल फोन करणारा म्हणाला होता की बंदूक बहुतेक खोटी आहे आणि तो बहुधा लहान मुलगा आहे. फोन घेणाऱ्या व्यक्तीकडून हे दोन्ही शब्द पुढे गेलेच नाहीत. गाडी थांबल्यावर दोन सेकंदांच्या आत गोळी.

---

रघुवीर

कायद्याने चित्रफीत उशिरा आली हे मान्य. पण २०१९ मध्ये टिम्पाची आलीच ना? मग देशभर मोर्चे का नाही निघाले?

यात खरा तोटा कृष्णवर्णीयांचाही झाला. बेड्या पडल्या की माणसाला ताबडतोब पोटावरून कुशीवर वळवा, ही सूचना न्यायखात्याच्या १९९५ च्या पत्रकात आहे. टिम्पा त्याच चुकीने मेला, आणि त्याची फीत येऊन दहाएक महिने झाले असताना फ्लॉइडही. टिम्पाच्या वेळी देशाने ओरड केली असती तर ही सूचना खात्याखात्यांत पाळली जाईल याची कुणीतरी तजवीज केली असती.

---

सुमेधा

रघुवीर, तुमचा हा मुद्दा मला पटतो. फक्त त्याचा दोष वर्तमानपत्रांवर टाकू नका, कारण टिम्पाची फीत एका वर्तमानपत्रानेच बाहेर काढली. मोर्चे संघटना काढतात. कृष्णवर्णीयांकडे चर्च, नागरी हक्कांचे वकील, एनएएसीपीसारखी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी, शंभरी ओलांडलेली संस्था, हे सगळं पिढ्यांच्या अन्यायातून उभं राहिलेलं आहे. गोऱ्या मृताच्या घरच्यांमागे असं काही उभं नसतं. शेजारीपाजारी बरेचदा पोलिसांचीच बाजू घेतात.

लक्ष न मिळण्याबद्दल बोलायचं तर मूळ अमेरिकी लोकांकडे बघा. त्यांचा मृत्युदर कृष्णवर्णीयांच्या बरोबरीचा किंवा वर निघतो, पण संख्या लहान, वस्त्या दूर, बातमीदार नाही. वॉशिंग्टन राज्यात टकोमाला जानेवारी २०१६ मध्ये प्युयालप जमातीची जॅकलिन सॅलियर्स मारली गेली, ती गरोदर होती. फेब्रुवारीत सिॲटलला चे टेलर हा कृष्णवर्णीय. त्या राज्यात पोलिसावर खटला भरायचा तर त्याच्या मनात 'दुष्ट हेतू' होता हे सिद्ध करावं लागे, जे जवळपास अशक्य. सॅलियर्सचे नातेवाईक, जमात आणि टेलरचा भाऊ एकत्र आले, सह्या गोळा केल्या, आणि नोव्हेंबर २०१८ च्या मतदानात 'आय-९४०' हा कायद्याचा प्रस्ताव सुमारे ६० टक्के मतांनी मंजूर झाला. दुष्ट हेतूची अट गेली, प्रशिक्षण आणि स्वतंत्र तपास आला. राष्ट्रीय वाहिन्यांवर यातलं फारसं काही दिसलं नाही.

भारतीयांनी हा वाद दुरून बघू नये. फेब्रुवारी २०१५, मॅडिसन, अलाबामा. नातवाला सांभाळायला गुजरातहून आलेले ५७ वर्षांचे सुरेशभाई पटेल मुलाच्या घराजवळ सकाळी फिरत होते. शेजाऱ्याने फोनवर वर्णन केलं, सडपातळ काळा माणूस. इंग्रजी येत नव्हतं; पोलिसाने जमिनीवर आदळलं, मानेला इजा होऊन अंग लुळं पडलं. गाडीतल्या कॅमेऱ्याची फीत आठवड्याच्या आत बाहेर आली, राज्यपालांनी माफी मागितली. तरी दोन वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही आणि जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीशांनी पोलिसाला निर्दोष ठरवलं.

---

वैनतेय

पटेल यांच्या प्रकरणात फीत, प्रसिद्धी, माफी सगळं होतं, तरी शिक्षा नाही. याचं एक मोठं कारण सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ चा ग्रॅहम विरुद्ध कॉनर हा निकाल. बळाचा वापर मोजायचा तो त्या क्षणी तिथे उभ्या असलेल्या समंजस पोलिसाच्या नजरेने, मागाहून मिळालेल्या माहितीने नाही. २०२५ पर्यंत अनेक ठिकाणी फक्त त्या काही सेकंदांवर डोळा ठेवला जायचा. माणसाला मुळात का अडवलं, गाडी इतक्या जवळ का नेली, हे बाजूला पडायचं. टिम्पाचे तीन पोलीस आणि कॅस्टिलवर गोळी झाडणारा, हेही सगळे सुटले, टिम्पाचे तर खटल्याआधीच. २०२३ मध्ये दिवाणी दाव्यात ज्युरीने टिम्पाच्या मुलाला दहा लाख डॉलर दिले, एवढंच.

रघुवीर, तुमच्या भाजकाच्या प्रश्नाला उत्तर द्यायला अजून सरकारी आकडा हवाच आहे. एफबीआयने जानेवारी २०१९ पासून नवी नोंदणी सुरू केली, तीही ऐच्छिक. देशातल्या ६० आणि मग ८० टक्के पोलिसांचा सहभाग झाल्याशिवाय पूर्ण आकडे द्यायचे नाहीत असे टप्पे त्यांनीच ठरवले. मृत्युदाखल्यांवर विसंबावं तर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला २०२१ चा अभ्यास सांगतो की १९८० ते २०१८ या काळातले पोलिसांच्या हातून झालेले निम्म्याहून जास्त मृत्यू सरकारी मृत्युनोंदीत तसे लागलेच नाहीत. पोस्टची यादी आता बंद आहे. ज्यांना पोलिसांवर अन्याय होतोय असं वाटतं त्यांनीही ही नोंदणी सक्तीची करण्याची मागणी करायला हवी.

---

रघुवीर

ती मागणी मी करतोच. त्यात मृताचं मानसिक आजारपण आणि अडवण्याचं मूळ कारण हे दोन रकाने सक्तीचे असावेत. अनघांच्या सातविरुद्ध पाचचा निकाल त्याशिवाय लागणार नाही.