खरोखर दुष्ट वाटणारे संगीत: दोष सुरांचा की पडद्यावरच्या चित्राचा?

धागाकर्ता, पणजी

गोव्यातल्या इफ्फी या चित्रपट महोत्सवाचे दिवस आले की आमच्या मित्रमंडळीत पार्श्वसंगीतावरून वाद निघतो आणि तो दरवेळी ‘सर्वांत भीतिदायक कोणते’ या प्रश्नावर येऊन अडतो. माझ्या मते भीतिदायक संगीत वेगळे आणि दुष्ट संगीत वेगळे. ‘जॉज’ (१९७५) मधले जॉन विल्यम्स यांचे दोन स्वर घ्या. षड्ज आणि त्याला लागून असलेला कोमल रिषभ, एवढेच त्यात आहे. शार्क जवळ येतो तशी लय चढते. दोन मुले शार्कसारखा खोटा पर लावून लोकांना घाबरवतात, त्या प्रसंगी मात्र हे स्वर वाजत नाहीत, म्हणजे हे संगीत प्रेक्षकाशी प्रामाणिक राहते. त्यात भूक आहे, दुष्टावा नाही.

आता ‘द शायनिंग’ (१९८०) चा आरंभ पाहा. डोंगररस्त्याने एक मोटार चालली आहे, दिवस स्वच्छ आहे, अजून काहीही वाईट घडलेले नाही, आणि वेंडी कार्लोस व रेचल एल्काइंड यांनी सिंथेसायझरवर उतरवलेली ‘दिएस इरे’ ही मृतांसाठीच्या लॅटिन मिस्सामधली (चर्चमधल्या प्रार्थनाविधीतली) जुनी चाल संथपणे वाजत राहते. गाडीत बसलेल्या माणसाचे पुढे काय होणार हे त्या चालीला ठाऊक आहे आणि तिला कसलीही घाई नाही. दुष्टपणा मला ऐकू येतो तो या निवांतपणात. कानठळ्या बसवणारे ढोल आणि अचानक फुटणारी किंकाळी हे त्यामानाने फार सोपे काम आहे.

पेटीवादक, फोंडा

मला हे मुळीच पटत नाही. ‘दिएस इरे’चे पहिले चार स्वर पेटीवर वाजवून पाहा: कोमल गंधार, रिषभ, पुन्हा कोमल गंधार आणि षड्ज. ही उतरण काफी रागात बसते आणि त्यावर एखादा अभंगही सहज बांधता येईल. युरोपात ज्या स्वरांतराला ‘संगीतातला सैतान’ असे नाव पडले, ते षड्ज ते तीव्र मध्यम हे अंतर आमच्याकडे यमनात आहे, आणि तो राग तर आपण कोवळ्या विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच शिकवतो. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या गायिका ज्या भूमीत जन्मल्या, तेथल्या माणसाने तरी स्वरांवर पापाचा आरोप ठेवू नये. दुष्टता पडद्यावर असते. आपला कान ती उचलतो आणि स्वरांना चिकटवतो. चित्र झाका, मग बोला.

रात्रपाळी, वास्को

चित्र झाकण्याची अट असेल तर ‘सायलेंट हिल’ (१९९९) हा व्हिडिओ खेळ काळोखात, पडद्याकडे पाठ करून ऐका. अकिरा यामाओका यांनी त्यात चालीऐवजी कारखान्यासारखे घणघणणारे, घासणारे धातूचे आवाज वापरले आहेत. नायकाच्या खिशातला रेडिओ राक्षस जवळ आला की खरखरू लागतो. राक्षस धुक्यात दिसत नाही, खरखर तेवढी वाढत जाते. येथे चिकटवायला चित्रच नाही. शिवाय चित्रपट आपल्यासाठी थांबत नाही. खेळात पुढचे पाऊल मी स्वतः टाकतो, आणि मी दाराशी उभा राहिलो तर तो आवाजही माझ्याबरोबर उभा राहतो. त्यामुळे या बाबतीत खेळांचे संगीत मी चित्रपटांच्या वर ठेवतो. ‘तुंबाड’ (२०१८) चे पार्श्वसंगीत करणारे जेस्पर किड हे ‘हिटमॅन’सारख्या खेळांच्या संगीतासाठी ओळखले जाणारे डॅनिश संगीतकार आहेत, ही गोष्टही येथे नोंदवावीशी वाटते. कोकणातल्या वाड्यातला तो ओलसर अंधार त्यांना अचूक सापडला.

साखळीची वाचक

आपल्याकडच्या उदाहरणांचे काय? ‘महल’ (१९४९) या भुताच्या भासाभोवती फिरणाऱ्या चित्रपटातले खेमचंद प्रकाश यांचे ‘आयेगा आनेवाला’ अंगावर काटा आणते, पण त्यात विरह आहे. दशावतारात काळ्या वेशातला संकासुर वेद चोरणारा असुर, तरी तो आला की जत्रेतली मुले हसतात. आपल्या परंपरेत भूत झुरते, असुर हसवतो आणि शेवटी मारला जातो. निखळ दुष्टपणाचे संगीत आपण केलेच नाही, असे मला वाटते, आणि यात मला उणेपणा दिसत नाही.

धागाकर्ता, पणजी

पेटीवादक, स्वर निरागस आहेत हे मीही मानतो. माझा आक्षेप वागणुकीवर आहे. मारवा रागात गायक षड्जाला कितीही टाळो, तो मध्येच श्वास घेतो, समेवर येतो, श्रोत्याकडे पाहतो. कार्लोस यांचे यंत्र श्वास घेत नाही आणि ऐकणाऱ्याची दखलही घेत नाही. काफीतला अभंग आणि ती चाल यांचे स्वर एक असले तरी गाणारा एक नाही.

मडगावची वाचक

श्वासाची ही कसोटी ‘द ओमेन’ (१९७६) पुढे टिकत नाही. जेरी गोल्डस्मिथ यांना त्या संगीतासाठी ऑस्कर मिळाले, त्यांच्या आयुष्यातले एकमेव, आणि त्यातले ‘आवे सातानी’ माणसांचा वृंद गातो. श्वास घेतो, एकमेकांचे ऐकतो, सम साधतो. चर्चमधल्या स्तोत्राची सगळी शिस्त त्यात आहे, फक्त स्तुती सैतानाची आहे. आमचे घर चर्चच्या शेजारी. लॅटिन स्तोत्रे लहानपणापासून खिडकीतून ऐकू येत आणि ती मला आजही प्रिय आहेत. म्हणून हा वृंद ऐकताना मला जे होते ते यंत्राच्या थंड सुराने कधीच झाले नाही. ही माणसे मनापासून गात आहेत, आणि त्यांना आनंद होतो आहे.

पेटीवादक, फोंडा

म्हणजे शेवटी शब्दांवरच आलात. लॅटिन न कळणाऱ्या आमच्या आजीला तो वृंद ऐकवला, तर ती हात जोडेल.