अनुभव धागा : कॉम्प्युटर तापतो, हँग होतो – आधी काय बघता?

घरघरपंखा
शेजारच्या खिडकीतून सकाळी कॅबिनेटच्या पंख्याची घरघर ऐकू आली आणि इंटेलचा २००४ सालचा प्रेस्कॉटवाला पेन्टियम ४ प्रोसेसर आठवला. शंभर वॅटच्या आसपास उष्णता ओकायचा बेटा. मे तोंडावर आलाय, तेव्हा ज्यांनी पेटी उघडून हात काळे केलेत त्यांनी इथे लिहा. रामायण नको, नेमकं काय करायचं तेवढं.

सुरुवात मी करतो. हँग होणं आणि धाडकन बंद पडणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. प्रोसेसर तापला की आधी स्वतःच वेग कमी करतो (बरेचसे इंटेल १०० अंशांना, एएमडीची रायझन ७००० मालिका ९५ ला). तरी भागलं नाही तर वीज तोडतो. म्हणजे निव्वळ उष्णता असेल तर आधी रखडणं, मग एकदम अंधार. पंखे फिरतायत आणि चित्र जागच्या जागी थिजलंय, तर रॅम, डिस्क आणि एसएमपीएस (पेटीला वीज पुरवणारा डबा) हेही संशयित. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली पेस्ट आणायला धावण्याआधी एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्रॅम टाका आणि तापमान बघा.

ओमकायदा
+१. थिजला की कॅप्स लॉक दाबायचं. दिवा लागतो-विझतो? मग विंडोज जिवंत आहे, बहुधा डिस्क उत्तर देत नाहीये. दोन मिनिटं दम धरा, सुटतोही. दिवा ढिम्म, तर रॅम, व्होल्टेज किंवा मदरबोर्ड. गाणं चालू आणि पडदा काळा, तर बोट ग्राफिक्सकडे; विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (नोंदवहीत) डिस्प्लेची ४१०१ नोंद शोधा. कर्नल-पॉवर ४१ दिसली म्हणून लोक एसएमपीएस बदलून मोकळे होतात. ती नोंद इतकंच म्हणते की मशीन रीतसर बंद झालं नव्हतं.

आणि तापमान किती यापेक्षा किती भराभर चढलं ते बघा. जड काम देताच पाच-दहा सेकंदांत ४५ वरून ९५, म्हणजे कूलर नीट टेकलेला नाही किंवा पेस्ट वाळली. वीस मिनिटं घेत सावकाश चढलं तर धूळ नाहीतर कोंडलेली हवा.

चिपळूणकडची
पोळ्या चालू आहेत, पटकन लिहिते. इंटेलच्या खोक्यातल्या कूलरला चार प्लास्टिकचे खिळे असतात. समोरासमोरचे कोपरे धरून दाबायचे, प्रत्येकाचा टक् आवाज आला पाहिजे. मग बोर्ड उलटा करून बघायचं: चारही टोकं पूर्ण बाहेर आलेली, फाकलेली आणि मधे काळी कांडी. एक जरी अर्धवट राहिलं तर त्या बाजूने कूलर उचललेला राहतो आणि ओमकायदा म्हणतात तसं लगेच ९५. वर कोरलेल्या बाणाच्या दिशेने फिरवलं की खिळा सुटतो, म्हणून बसवण्याआधी उलटा फिरवून ठेवा.
पेस्ट तुरीच्या डाळीएवढी, मधोमध. फासायची नाही, कूलरच दाबून पसरवतो.

रिकामटेकडा
तूर सालाची की बिनसालाची?

चिपळूणकडची
बिनसालाची. प्रोसेसर मोठा असेल तर हरभऱ्याची. वरण करायचं नाहीये 😄

सोल्डरगन
एएम४ सॉकेटवाल्यांनो (एएमडीचे आधीचे रायझन), सावधान. पेस्ट वाळून चिकटलेली असते आणि कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसर सॉकेटमधून उपटून हातात येतो. खालच्या पिना वाकल्या की कपाळावर हात. आधी दहा मिनिटं मशीन चालवून पेस्ट गरम करा, बंद करा, वायर काढा, मग कूलर डावी-उजवीकडे हळूहळू पिळत सोडवा.

साफसफाई: वायर काढल्यावर पॉवरचं बटण पाचेक सेकंद दाबून ठेवा. पेटी गॅलरीत न्या. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा, नाहीतर भन्नाट फिरून बेअरिंग जातं. पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर नको, त्या हवेत पाणी असतं. खरी घाण पात्यांवर नसते, पंखा काढला की खाली कूलरच्या पट्ट्यांमध्ये गोधडीसारखा थर बसलेला दिसतो. तो काढा. लॅपटॉपमध्ये तर बाहेरून फुंकून तो थर आणखी घट्ट बसतो, पंखा उघडावाच लागतो. एसएमपीएस मात्र उघडू नका. २३० व्होल्टचा डीसी केला की सव्वातीनशेच्या घरात जातो आणि वायर काढल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या डब्यांत) टिकून राहतो.

जुना बोर्ड असेल तर प्रोसेसरशेजारच्या कपॅसिटरची डोकी बघा. सपाट हवीत. फुगलेली किंवा वर तपकिरी ओघळ असेल तर पेस्ट बदलून काही होणार नाही. बदलताना तेवढेच मायक्रोफॅरड, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंशवाला आणि लो ईएसआर (आतला रोध कमी असलेला).

वऱ्हाडी_ठेचा
तुमचे सगळे आकडे पुण्याचे दिसतात. आमच्याकडे खोलीतच ४० असतात. खोली एक अंशाने तापली की प्रोसेसरही जवळजवळ तेवढाच वर जातो, म्हणून रिकामं मशीन ५५ दाखवत असेल तर घाबरू नका. आणि डेझर्ट कूलरचा झोत थेट पेटीवर घेऊ नका. गार वाटतं खरं, पण ओलावा आणि क्षार दोन्ही आत जातात.
फुकटचा उपाय: विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ करा. टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो, तापमान चांगलंच उतरतं. टायपिंग-ब्राउझिंगमध्ये फरक कळतही नाही.

रिकामटेकडा
खोलीत ४० आणि घाबरू नका म्हणे. तुम्हाला स्वतःचा टर्बो बंद करता येतो का हो?

वऱ्हाडी_ठेचा
दुपारी १ ते ४ बंदच असतो.

हडसनकाठचा
इकडे धूळ कमी, पण गालिचा आणि मांजर. पेटी जमिनीवरून उचलून नुसती फूटभर वर ठेवली तरी जाळी केसांनी भरायला जास्त वेळ लागतो. हिवाळ्यात हवा इतकी कोरडी की हात लावण्याआधी एसएमपीएसच्या धातूला स्पर्श करून अंगातला करंट उतरवावा लागतो.

चिपळूणकडची
झाल्या पोळ्या. आमच्याकडे धुळीपेक्षा दमट हवा. पावसाळ्यात थिजायला लागलं की आधी रॅम काढायची, सोनेरी पट्टीवर खोडरबर हलकेच फिरवायचा, कचरा झटकायचा आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या लागेपर्यंत दाबून बसवायची. दोन कांड्या असतील तर एकेक लावून मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर. एक जरी लाल ओळ आली तर ती कांडी बाद.
आणि एसएमपीएसच्या मागच्या जाळीतून पाल जाते. उबेला.

घरघरपंखा
पाल गेली की…?

चिपळूणकडची
फट्. आणि वास. पुढचं विचारू नका, जेवायचंय.

ओमकायदा
डिस्कचं राहिलं. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ०५ आणि सी५ (खराब आणि संशयित सेक्टर) या ओळी शून्य हव्यात. सी५ वाढत असेल तर आधी बॅकअप, मग बाकी सगळं. सी७ वाढत असेल तर डिस्क बहुतेक ठणठणीत असते, डिस्कची साटा केबल बदलून बघा.

गृहकृत्यदक्ष
मधेच विचारते, पेटीला हात लागला की मुंग्या येतात. हेही उष्णतेमुळे का?

ओमकायदा
नाही ताई, अर्थिंग नाहीये. एसएमपीएसच्या फिल्टरमधून किंचित गळती होते, ती जमिनीत जायला वाट नसली की पेटीवर साठते. वायरमनकडून सॉकेट तपासून घ्या: फेज-अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. तोवर अनवाणी हात लावू नका.

रिकामटेकडा
झाकण काढून टेबलफॅन लावायचा, यावर कोणीच बोललं नाही. राष्ट्रीय उपाय आहे तो.

सोल्डरगन
तपासणीसाठी झकास. झाकण काढून तापमान दहा अंश उतरलं तर कूलर ठीक आहे, पेटीत हवा खेळत नाही. पुढचा पंखा आत ओढणारा, मागचा बाहेर फेकणारा हवा. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या पट्ट्यांची चौकट असते तिकडून हवा बाहेर पडते. मागचा उलटा लावलेला निघतो बऱ्याचदा. आणि कॉम्प्युटर टेबलाचा तो दारवाला कप्पा, त्याची मागची फळी काढून टाका.