प्रशिक्षकाच्या नावापुढची अक्षरं कशी तपासायची?

प्रश्न: फिजिओथेरपिस्टांसाठी कार्यशाळा ठरवतोय. प्रशिक्षकाच्या नावापुढे अक्षरांची रांगच आहे. त्यातलं वजनदार काय, कसं ओळखायचं?

उत्तर १: आधी नोंदणी. नियामक परिषदेच्या रजिस्टरमध्ये क्रमांक, मुदत आणि निर्बंध स्वतः बघा. पाठवलेल्या प्रमाणपत्राच्या फोटोवर जाऊ नका. मग प्रत्येक अक्षरामागे परीक्षा होती की नुसती हजेरी, ते विचारा. दोन दिवसांचा कोर्सही काहीजण पदवीच्या थाटात मिरवतात.

उत्तर २: ऑर्किड (ORCID) म्हणजे संशोधकांची ऑनलाइन ओळख-नोंद; तिच्या १६ अंकी क्रमांकावरून प्रशिक्षकाची प्रकाशनं सापडतात. पण तिथली बरीच माहिती स्वतःच भरलेली असते, म्हणून पबमेडवर (वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत) पडताळा.

उत्तर ३: सध्या रुग्ण तपासतात का? कुठली कंपनी मानधन देते का? लेखी घ्या. हाताने करायचं तंत्र असेल तर एका प्रशिक्षकामागे किती जण, हेही विचारा. चाळीसजणांत कुणाचा अंगठा भलत्याच मणक्यावर आहे, ते दिसतच नाही.